पायऱ्यांवर बसू नये

मित्रांनो, मी एक जुना नियमफलक आहे. कॉलेजच्या मोठ्या दारातून आत आलात की उजव्या हाताला, पायऱ्यांच्या कडेला मला ठोकलेलं आहे. हल्ली मला कोणी वाचत नाही. माझ्याकडे नुसतं बोट दाखवतात, तेही कोणाला तरी झापायचं असेल तेव्हा.

माझा जन्म एका पेंटरच्या दुकानात झाला. त्याने लाकडी चौकटीवर पत्रा ठोकला, काळा रंग चढवला आणि जीव ओतून पांढरी अक्षरं काढली. 'विद्यार्थ्यांसाठी नियम' हे शब्द इतके वळणदार होते की येणारे-जाणारे थांबून पाहत. नियम मोजकेच होते. ग्रंथालयात शांतता राखा, भिंतींवर लिहू नका, ओळखपत्र जवळ ठेवा, शिक्षकांना उलट उत्तर देऊ नका. नवी मुलं मान वर करून वाचायची. काही हसायची, पण वाचायची. तेव्हा माझी ऐट काय वर्णावी!

मग एका सुट्टीत पायऱ्यांची डागडुजी झाली. ताज्या कामाची कोणी वाट लावू नये म्हणून शिपाईकाकांनी माझ्या तळाशी खडूने लिहिलं, 'पायऱ्यांवर बसू नये, सिमेंट ओले आहे.' सिमेंट यथावकाश वाळलं. खडू पुसणं मात्र कोणाच्याच कामात बसत नव्हतं. मुलं माझ्या एका कडेला खांदा टेकून गप्पा छाटत. त्यांच्या शर्टांनी वाक्याचा मागचा अर्धा भाग पुसला गेला आणि पुढचा तसाच राहिला. पुढे मला नवा रंग द्यायचं ठरलं, तेव्हा पेंटरला ऑफिसातून बजावण्यात आलं, "आहे तसं उतरव, डोकं चालवू नकोस." बिचाऱ्याने नाही चालवलं. उरलेलं अर्धं वाक्य त्याने ऑइलपेंटमध्ये उतरवलं.

झालं, नियम जन्माला आला! शिपाईकाका निवृत्त झाले, प्राचार्य बदलले, पण हा नियम ठाण मांडून बसला. तो का आहे हे कोणाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही म्हणून कोणाचं अडतही नव्हतं.

अडलं ते एका मुलीचं. ती शेवटच्या वर्षाला होती. वर्गातली मुलं तिला 'पाववाली' म्हणत, कारण पहाटेपासून बेकरीत पाव भरायचं काम करून ती तशीच कॉलेजला यायची. वर्ग उघडेपर्यंत पायरीवर बसून वाचायची. बाहीला मैदा, मांडीवर पुस्तक. अशीच एकदा ती शिस्तवाल्या सरांना सापडली. कॉलेजची शिस्त त्यांच्याकडे होती आणि ती त्यांच्या चपलांच्या आवाजातच कळायची.

"उठा! बोर्ड वाचता येतो ना?"

"येतो, सर. पण पहाटेपासून उभीच आहे. पाय भरून आलेत हो."

"म्हणून नियम मोडायचा?"

ती मुकाट्याने उठली. पण उठता उठता विचारून बसली, "सर, पायरीवर बसलं तर होतं काय?"

सरांना उत्तर माहीत नव्हतं. मला होतं! मला तोंड असतं तर मी सगळं कॉलेज गोळा केलं असतं. उत्तर नसलं की माणूस चिडतो, हे मी इथे टांगल्या टांगल्या शिकलो. सरांचं बोट माझ्या तळावरून सरकलं आणि उलट उत्तराच्या ओळीवर जाऊन थांबलं. एका गुन्ह्याचे दोन झाले.

परीक्षा तोंडावर होती. लेखी माफी दिल्याशिवाय प्रवेशपत्र मिळणार नाही, असं सरांनी सांगून टाकलं. तिच्या वडिलांना बोलावलं. ते टेम्पो चालवायचे. माझ्यासमोर ते सरांपुढे हात जोडून उभे राहिले.

"पोरी, लिहून दे की. चार ओळींनी काय बिघडतंय? बापाचं ऐक."

"बाबा, बसले त्याची माफी देते लिहून. पण विचारलं त्याची कशी मागू? शिकायलाच पाठवलंत ना मला?"

"आम्ही पास व्हायला पाठवलं गं," ते म्हणाले आणि त्यांनी मान खाली घातली.

"ऐकलीत हिची भाषा?" सर म्हणाले.

तिने खरंच फक्त बसल्याची माफी लिहून दिली. सरांनी ती घेतली नाही. परीक्षेच्या दिवशी सगळा वर्ग या पायऱ्या चढून गेला, ती तेवढी खाली राहिली. प्रश्न विचारला तर वर्ष बुडवा, असं माझ्या अंगावर कुठेही लिहिलेलं नाही, मित्रांनो. मला फार वाईट वाटलं. वाईट वाटून पत्रा काय करणार?

परवा ती पुन्हा आली. कॉलेजची तपासणी व्हायची आहे, पाहुण्यांसाठी बेकरीतून माल मागवलाय. डोक्याला टोपी, अंगात एप्रन, हातात बिस्किटांचे क्रेट. आता ती दिवसभर तिथेच राबते. सरांनी काही तिला ओळखलं नाही. उलट मोठ्या मायेने म्हणाले, "दमलात हो बाई. बसा ना पायरीवर. रिकामे क्रेट आणून देतील."

"इथे बसू नये, लिहिलंय."

सर मनापासून हसले. "अहो, ते विद्यार्थ्यांसाठी! तुम्ही कुठे विद्यार्थिनी आहात?"

ती बसली नाही. क्रेट येईपर्यंत भरून आलेल्या पायांनी उभी राहिली, मग निघून गेली.

तपासणीसाठी आता मलाही नवा रंग द्यायचाय. पेंटरला निरोप गेलाय, 'आहे तसं उतरव.' मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा. मला हात असते तर ते जोडून सांगितलं असतं, मला जपू नका. पेंटरने ब्रश बुडवण्याआधी तुमच्यातल्या कोणीतरी पुढे होऊन विचारा, ही ओळ कशासाठी आहे? मात्र विचारण्याआधी आपलं प्रवेशपत्र हातात पडलंय ना, तेवढं बघून घ्या.