घाम न फुटणारी टाकी

वहिनींच्या टाकीत एकच खोट होती: ती बाहेरून थंड लागत नव्हती.

खरं तर तेच तिचं काम. आत गोठवलेल्या नायट्रोजनचा दगडासारखा गोळा, भोवती निर्वात कवच. शीतयंत्र बंद पडलं तर ही साठवलेली थंडी अतिवाहक तारेला पुरवायची. तार अतिगार राहिली की वीज जराही वाया न जाता वाहते. तापली की खेळ खलास. थंडी बाहेर सांडू नये म्हणून वहिनींनी जिवाचं रान केलं होतं.

कारखान्यात इंजिनिअर बाईंना सगळेच वहिनी म्हणत, कारण त्यांचे सख्खे दीरही तिथेच इंजिनिअर होते. स्पर्धेतली दुसरी टाकी या दिरांची होती. आज दोन्हींतली एक निवडली जाणार, उरलेली भंगारात जाणार. दिरांच्या टाकीचं कवच गळकं. त्यामुळे ती अंगभर पांढरीफटक पडून, वाफा सोडत, मोठ्या ऐटीत उभी होती.

निवड करायला आलेल्या चेअरमननी तिला हात लावला, झटकन मागे घेतला आणि ते खूश झाले. वहिनींच्या टाकीला त्यांनी तळवा लावून पाहिला, मग तापकऱ्याचं कपाळ पाहावं तसा उलटा हात.

"हिला तर काहीच झालेलं नाही," ते म्हणाले.

मग शीतयंत्रं बंद करून चाचणी झाली. दिरांची तार चहा यायच्या आत तापली आणि तिच्यावरचा दिवा गेला. वहिनींचा दिवा जेवणं उरकली तरी जळत होता. चेअरमननी निष्कर्ष काढला, की दिरांच्या टाकीनं होतं नव्हतं ते देऊन टाकलं. वहिनींची मात्र सगळं दाबून बसलीय. असला कंजूषपणा सार्वजनिक वीजव्यवस्थेत चालायचा नाही. वहिनींनी आलेख पुढे केला. चेअरमननी त्यालाही हात लावून पाहिला.

भंगारवाल्याचा टेम्पो दारात लागला, तसे दीर कानाशी आले.

"वहिनी, कवचाची झडप जरा सैल करा. थोडी हवा जाऊ दे आत. घरचा म्हणून सांगतोय."

वहिनींनी टेम्पोकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं आणि पाना उचलला.

टाकीला दरदरून घाम फुटला. वर हिम चढलं, सुरक्षा झडप शिट्ट्या मारू लागली आणि इतका वेळ तग धरून राहिलेला दिवा विझला. चेअरमननी हात लावला, बोटं फुंकली आणि तिथल्या तिथे दोन्ही टाक्या मंजूर केल्या.

"आता कशा आपल्या घरातल्या वाटता, वहिनी," दीर कौतुकानं म्हणाले.