पिवळ्या रेघेपर्यंत

मला पहिल्यांदा उचलणारा प्रत्येक जण एकच चूक करतो. रायफल म्हणजे जड असणारच, असे मनाशी धरून तो जोर लावतो, आणि मी झटकन वर येऊन त्याच्या हनुवटीला लागते. मित्रांनो, हनुवटी चोळत ओशाळे हसणारी किती माणसे मी पाहिली, याची आता मोजदाद राहिलेली नाही. मी नेमबाजीच्या मैदानावरची रायफल. कागदी निशाणाखेरीज मला कधी कशावर रोखलेले नाही. माझे अंग अ‍ॅल्युमिनियमचे आहे. आज मी जुनी झाले, पण एके काळी इतकी नवी होते की मला रायफल म्हणायलाही लोक तयार नव्हते.

मैदानाच्या मागे दुरुस्तीची एक खोली होती. खिडकीखाली धातू कातायचा लेथ, भिंतीला टांगलेल्या कानशी आणि तेलाच्या डब्याशेजारी चहाचे दोन कप. एक कप मास्तरांचा. ते पूर्वी तंत्रशाळेत शिकवत, म्हणून मास्तर. दुसरा आबांचा. आबा चाळीस वर्षांचे मुरलेले फिटर. क्लबची प्रत्येक रायफल त्यांच्या हाताखालून जाई. स्क्रू आवळून झाला की आबा श्वास रोखून मनगटाने त्याला आणखी एक पाव फेरा देत. तो पाव फेरा मिळाल्याशिवाय जुने नेमबाज चटईवर बसतसुद्धा नसत.

मास्तरांच्या धाकट्या लेकीला लहानपणी मोठा ताप आला होता. त्यात तिचा डावा हात बारीक राहिला. नजर मात्र अशी की लांबच्या कागदावर बसलेली माशी तिला दिसे. लाकडी दस्त्याची जड रायफल ती दहाव्या गोळीपर्यंत सांभाळी. अकराव्या गोळीला हात थरथरू लागे. एखादा बैठा खेळ बघ, असे क्लबच्या सेक्रेटरींनी तिला समजुतीने सांगितले. ती रडली नाही. तिने त्या रायफलीचे वजन केले, आकडा कागदावर लिहिला आणि लेथवर ठेवला.

"बाबा, यातलं निम्मं काढता येईल?"

मास्तरांनी तो कागद वर्षभर खिशात बाळगला. त्या वर्षात त्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या एका ठोकळ्यातून मला कोरून काढले. पण माझी नळी पोलादाचीच आहे आणि तिचे मागचे तोंड बंद करणारा बोल्टही. गोळी सुटताना बोल्टचे दात थेट नळीच्या पोलादी कड्यात अडकलेले असतात, म्हणजे सगळा धक्का पोलादानेच पोलादात सोसायचा. माझ्या अंगाने त्या दोघांना फक्त नीट धरून ठेवायचे.

क्लबात मात्र हसू झाले. भांड्यांच्या दुकानातून आणली का, असे एकाने विचारले. मास्तरांच्याच डोक्याचे आटे ढिले झालेत, असे दुसरा म्हणाला. सेक्रेटरींनी अट घातली: तीन हजार गोळ्या झाडायच्या, आणि शेवटच्या दहांची सगळी भोके एका नाण्याखाली झाकली गेली पाहिजेत. तरच लेकीला माझ्यासह स्पर्धेत उतरता येईल. नाहीतर जड रायफल, नाहीतर घर. सगळ्या गोळ्या आपणच झाडणार, असे लेकीने सांगून टाकले.

दोन दिवस मी सरळ मारा केला. तिसऱ्या दिवशी दुपारी, दीड हजाराच्या आसपास, गोळ्या भरकटू लागल्या. एक वर, एक डावीकडे. धातू वाकला, असे सेक्रेटरी म्हणाले. त्यांना आनंद झाला होता असे नाही. पण वहीतल्या माझ्या नावावर त्यांनी काट मारली. मास्तर लेथवर कापड टाकून बसले.

लेकीने मला उघडले. नळीला माझ्या अंगाशी धरणाऱ्या मागच्या स्क्रूच्या भोकातून एक चंदेरी तार बाहेर आली, केसाच्या बटेसारखी गुंडाळलेली. माझ्याच अंगातले आटे उचकटून आले होते. तिने ती तार बाबांच्या तळहातावर ठेवली. दारात आबा उभे होते. त्यांनी ती पाहिली आणि मान खाली घातली.

मित्रांनो, मास्तरांनी बजावले होते की अ‍ॅल्युमिनियमला दोन बोटांचाच जोर द्यायचा. आबांना ते शिकलेल्या माणसाचे खूळ वाटले. घट्ट कधी जास्त होते का? म्हणून तिन्ही सकाळी, कोणाचे लक्ष नसताना, त्यांनी मला मायेने आपला पाव फेरा दिला होता. पोलादाला तो मानवतो. मला मानवला नाही.

आबांवर कोणाचाच संशय नव्हता. ते गप्प राहू शकले असते. पण त्यांनी हात धुतले आणि स्वतः सेक्रेटरींच्या खोलीत गेले. मला घेऊन लेकही मागोमाग गेली, म्हणून मी सगळे ऐकले.

"धातू वाकलेला नाही, साहेब. माझ्या मनगटाने आटे ओढले. माझी सवय या पोरीच्या माथी मारू नका."

सेक्रेटरींनी वही पुन्हा उघडली. नावे द्यायला पाच दिवस उरले होते. झालेल्या गोळ्या धरून पुढे मोजू, असे ते म्हणाले. लेकीने नकारार्थी मान हलवली.

"पहिल्यापासून मोजा. नंतर कोणी अर्धी परीक्षा म्हणायला नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी ते भोक मोठे करून त्यात पोलादी बुश, म्हणजे आतून आटे पाडलेले नळकांडे, बसवले. स्क्रू आबांकडे दिला. आबांनी दोन बोटांनी तो फिरवला आणि थांबले. पाव फेरा त्यांनी या वेळी दिला नाही. मग बारीक कुंचल्याने त्यांनी स्क्रूच्या डोक्यावरून माझ्या अंगावर एक पिवळी रेघ ओढली. इथवर, पुढे नाही.

पाच दिवस. चौथ्या दिवशी लेकीचा डावा हात इतका सुजला की कप धरवेना, तेव्हा चहा आबांनी पाजला. ती फार गोड करून मागते म्हणून कुरकुरलेही. शेवटच्या दहा गोळ्यांचा कागद आला. सेक्रेटरींनी स्वतः नाणे ठेवले. नऊ झाकली गेली. दहाव्या भोकाची कड बाहेर डोकावत होती. त्यांनी नाणे केसभर सरकवले.

"बसतंय की," ते म्हणाले.

पुढे अकरा वर्षे मी तिच्या खांद्याला होते. ती एकदाच दुसरी आली, चौथी पुष्कळदा. पण हात थरथरतो म्हणून तिने एकदाही मैदान सोडले नाही. मग मी इतरांच्या हाती गेले. अ‍ॅल्युमिनियमला गंज चढत नाही, असे कोणी तरी सांगितले आणि मला पुसायचे राहू लागले. शेवटी ओल्या खोळीत घालून कपाटात ठेवले ते ठेवलेच. तांबडा गंज मला खरेच चढत नाही. पण जिथे पोलाद माझ्या अंगाला भिडते, तिथे पांढरी भुकटी धरते आणि हळूहळू खात जाते. चार वर्षे मी ते सोसले.

परवा कपाट उघडले. लेकीचे केस आता पिकले आहेत. ती क्लबात नेमबाजी शिकवते. मास्तर नाहीत, आबाही नाहीत. तिने भुकटी खरवडली, आटे तपासले. बुश जागचा हललेला नव्हता. रेघेचा मात्र एक ठिपकाच उरला होता. तो धरून तिने पुन्हा पिवळी रेघ ओढली आणि स्क्रू आवळायची किल्ली भाचीच्या हातात दिली. भाचीने स्क्रू रेघेपर्यंत आणला आणि वर पाहिले.

"आत्या, अजून थोडं?"

"नाही. आबा इथेच थांबले होते."

मित्रांनो, हलकी म्हणून मला नाजूक समजू नका आणि टिकाऊ म्हणून विसरूनही जाऊ नका. काम झाले की कोरड्या फडक्याने पुसा, ओल्या खोळीत घालू नका आणि हात रेघेवर थांबवा. एवढे केलेत तर आणखी तीन हजार गोळ्यांना मी तयार आहे. उद्या सकाळी मैदानावर पहिली पाळी माझी आहे. उचलताना हनुवटी तेवढी सांभाळा.