शिकाऊ वहिनी

“हे दात कुणाला बसवायचेत? घोड्याला?”

सरांनी मेणात रोवलेली दातांची ओळ ट्यूबलाइटखाली धरली आणि सगळ्यांना दिसेल अशी फिरवली. टेबलाभोवतीचे चौघे-पाचजण हसले. तीही हसली, कारण दात खरंच घोड्याचे वाटत होते. सर हसले नाहीत. त्यांनी बर्नर पेटवला, मेण जरा मऊ होऊ दिलं आणि पुढचे दात एकेक करून उपटून तिच्या ताटलीत टाकले.

“परत लावा. आधी मधली रेघ बघा, मग दात.”

“हो, सर.”

सर म्हणजे तिचा सख्खा धाकटा दीर.

ती लग्न होऊन घरात आली तेव्हा तो शाळेत होता आणि घरात दुसरी बाई नव्हती. त्याचा डबा, त्याची तुटलेली बटणं, गालफुगीने सुजलेला त्याचा चेहरा, सगळं आपोआप तिच्या वाट्याला आलं. ते तिने मायेने केलं की सवयीने, हे कोणी विचारलं नाही आणि तिनेही त्यावर डोकं शिणवलं नाही. पुढे तो दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवणाऱ्या या लॅबमध्ये चिकटला, हळूहळू वर चढला, लग्न करून दोन गल्ल्या पलीकडे राहू लागला. रविवारी मात्र यायचाच. दोघे भाऊ पत्ते कुटत बसायचे, एकमेकांवर लबाडीचे आरोप करायचे, आणि चहाचा कप जागेवर मिळाला नाही तर दोघेही तिच्याच नावाने हाका मारायचे.

मग एकाच वर्षात दोन गोष्टी झाल्या. तिचा नवरा ट्रक चालवायचा. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्याला क्लच दाबायची मनाई केली. आणि ती ज्या कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवायची तो बंद पडला.

लॅबमध्ये शिकाऊ उमेदवार घेणार आहेत, ही बातमी दिरानेच आणली. वयाची अट नव्हती. दोन वर्षं काम करत शिकायचं, आठवड्यातून एक दिवस संस्थेत वर्गाला बसायचं, हाती थोडंफार विद्यावेतन.

“पण काय असतं ते आधी ऐकून घे,” तो म्हणाला. त्या रविवारी त्याने पत्ते हातात घेतले नव्हते. “पहिले काही महिने नुसतं प्लास्टर. कालवायचं, ओतायचं, खरवडायचं, झाडायचं. दमलीस का म्हणून कोणी विचारणार नाही. चुकलं की सगळ्यांसमोर बोलणी बसतील. पोरंपोरी तुझ्या पुढे जातील. आणि शेवटी नोकरी मिळेलच असं काही नाही.”

“आणि तू?” तिने विचारलं.

“मी तिथे सर. तुला अहो-जाहो करीन, पण तेवढंच.”

नवरा खुर्चीतून हसला. “म्हणजे हा तुला ओरडणार! अगं, याचं नाक पुसलंयस तू.”

“म्हणून तर विचारतोय, दादा,” दीर म्हणाला. “नंतर नको.”

ती दुसऱ्या दिवशी गेली.

त्याने सांगितलं होतं तसंच सगळं निघालं. केसांत, भुवयांत, डब्याच्या झाकणावर, सगळीकडे पांढरी भुकटी. संस्थेत पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तर सगळी मुलं उभी राहिली. तिने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. ती गुपचूप शेवटच्या बाकावर जाऊन बसली तेव्हा शेजारची जाड भिंगांची मुलगी फिसकन हसली आणि म्हणाली, “सॉरी काकू, आम्हाला वाटलं मॅडम आल्या.”

ही चष्मेवाली पुढच्याच आठवड्यात त्याच लॅबमध्ये तिच्यासोबत शिकाऊ म्हणून लागली. वडील नव्हते, घरी आई आणि पाठचा भाऊ. हात असे चालायचे की बघत राहावं. काकूंना हाडांची आणि स्नायूंची नावं पाठ होत नसत. चष्मेवाली बसथांब्यावर त्या नावांची गाणी करून म्हणून घ्यायची. बदल्यात काकूंनी तिला मेणावर सुरी कशी फिरवायची ते दाखवलं. कॉलरीचं टोक वळवायला जसा अंगठा लावतात तसाच हिरडीच्या कडेला लावायचा, हे काही पुस्तकात नव्हतं.

दुसरं वर्ष अर्धं सरलं तेव्हा सरांनी तिच्याकडे पहिलं पूर्ण काम दिलं. वरची-खालची अख्खी कवळी, प्लास्टरपासून पॉलिशपर्यंत तिने एकटीने करायची. तिने ती केली, सरांनी फिरवून पाहिली, “हं” म्हणाले आणि डबीत घालून पाठवून दिली. त्या संध्याकाळी ती घरी जरा जास्तच बोलली.

पुढच्या आठवड्यात एक उंच म्हातारा तणतणत लॅबच्या दारात आला. डॉक्टर गावाला गेले होते, म्हणून त्याने पत्ता काढून थेट हीच वाट धरली होती. हातात रुमाल, रुमालात कवळी.

“कुणी केलंय हे?” त्याने विचारलं, पण दात नसल्यामुळे ते भलतंच ऐकू आलं. मग त्याने कवळी तोंडात बसवली आणि पुन्हा विचारलं. “मी बाजारात लिलाव पुकारतो. चाळीस वर्षं. साठ म्हटलं की शिट्टी वाजते! सत्तर म्हटलं की वाजते! लोक बोली लावायचं सोडून हसतात. एकाने तर मलाच शिट्टी मारून दाखवली!”

आणि खरंच, प्रत्येक ‘स’ला बारीक शिट्टी वाजत होती. चष्मेवालीने तोंड दाबून भिंतीकडे पाहिलं.

तिने सरांकडे पाहिलं. सर पुढे येतील, आमच्याकडून चूक झाली वगैरे म्हणतील, असं तिला वाटलं. सर म्हणाले, “ज्यांनी केलीय त्या समोर आहेत. त्याच बघतील.”

तिने म्हाताऱ्याला खिडकीपाशी स्टुलावर बसवलं. तिचे कान तापले होते. कवळी धुऊन घेतली, वरच्या दातांच्या मागे, जिथे जीभ टेकते तिथे, मेणाचा पातळ थर दिला आणि परत त्याच्या हाती ठेवली.

“बोला.”

“सहा. सात. साठ.” शिट्टी.

तिने अजून थोडं मेण लावलं.

“शहा. शात. शाठ,” म्हातारा म्हणाला आणि दचकून थांबला. “ओ बाई, हे तर आणखी बिघडलं!”

“बिघडू द्या. कुठे बिघडतं ते तर कळू द्या.”

सर पाठीमागे हात बांधून उभे होते. एकदा त्यांचा हात सुरीकडे गेला आणि परत मागे गेला. तिने मेण खरवडलं, पुन्हा लावलं, म्हाताऱ्याला पाणी दिलं, पुन्हा बोलायला लावलं. जेवणाची सुट्टी होऊन गेली. म्हाताऱ्याचा राग केव्हाच ओसरला होता. आता त्यालाच चेव चढला होता. प्रत्येक वेळी तो एखादा काल्पनिक ढीग विकायला काढायचा.

“साठ! साठ एक वार, साठ दोन वार... सत्तर! पलीकडून सत्तर आले!”

शिट्टी नव्हती. ‘श’ही नव्हता. खोलीतले सगळे आपापली घासायची मोटर बंद करून ऐकत होते.

“सदुसष्ट म्हणून बघा,” ती म्हणाली.

“सदुसष्ट. सत्तावीस. सासू,” म्हातारा म्हणाला, आणि स्वतःच खदखदून हसला.

मेणाच्या जागी पक्कं मटेरियल भरून, घासून, चमकवून द्यायला उन्हं कलली. जाताना म्हाताऱ्याने तिला नमस्कार केला, सरांना केला नाही.

ती आपल्या जागेवर आली. तिचं दिवसभराचं नेमलेलं काम तसंच पडलं होतं. शेजारी चष्मेवालीने स्वतःचा ट्रे संपवला होता आणि तिच्या कामातलंही थोडं उचललं होतं. सर येऊन दोन्ही ट्रेंकडे बघून गेले.

दोन वर्षं भरत आली तेव्हा मालकांनी सांगितलं, ठेवायचं एकालाच. कुणाला, ते सरांनी ठरवायचं.

त्या रविवारी दीर आला तो दारातच उभा राहिला. चपला काढल्या नाहीत. नवऱ्याने पत्ते पिसायला घेतले होते.

“वहिनी,” तो म्हणाला, “मी त्या मुलीचं नाव दिलं.”

पत्ते पिसायचा आवाज थांबला.

“आत तर ये,” ती म्हणाली.

“तुझं काम बारीक आहे. तिच्यापेक्षा बारीक. पण तिथे रोज ढीग येतो, वहिनी. तुला एका कवळीला दिवस लागतो. मी तुला घेतलं असतं तर सगळे म्हणाले असते...”

“काय म्हणाले असते?” नवरा बोलला. त्याचा आवाज मुळीच चढला नव्हता. “घरच्या माणसाला घेतलं, हेच ना? म्हणू दे की. घरच्या बाईने तुला वाढवलं तेव्हा लोक काय म्हणतील याचा विचार केला नव्हता तिने.”

“दादा, तसं नाही ते.”

“मग कसं?”

दिराने तिच्याकडे पाहिलं. तिने बोलायला हवं होतं हे तिला कळत होतं. “अहो, मी आहेच सावकाश,” ती म्हणाली. “तो खोटं नाही बोलत. त्या पोरीच्या घरी कमावणारं दुसरं कोणी नाही.”

“इथे कोण आहे?” नवरा म्हणाला. त्याने पत्ते नीट रचून डबीत भरले, झाकण लावलं आणि खुर्ची खिडकीकडे फिरवली. दीर दारातूनच परत गेला. चहा तिने तिघांचा टाकला होता.

नंतर ती खूप रडली, पण मोरीत, नळ सोडून. दीर चुकला असं तिला वाटत नव्हतं आणि तो बरोबर होता याने काही हलकंही होत नव्हतं. लॅबमधल्या शेवटच्या दिवशी चष्मेवाली तिच्या गळ्यात पडली आणि सोडेचना. “काकू, मी त्यांना नको म्हणून सांगू का?” असं म्हणाली. “वेडी आहेस का?” म्हणून तिने तिला दूर केलं आणि तिचा चष्मा आपल्या पदराने पुसून तिच्या नाकावर बसवला.

त्यानंतर रविवार नुसते येऊ-जाऊ लागले. नवऱ्याने भावाचं नाव घ्यायचं सोडलं. भाऊ एकदा जावेबरोबर आला तेव्हा हा झोपेचं सोंग घेऊन पडून राहिला. पुन्हा तो आला नाही.

तिला काम मिळालं, पण बऱ्याच ठिकाणी फिरल्यावर. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका डॉक्टरीणबाईंच्या दातांच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती. तिथे दिवसाला एखादंच काम येई, आणि डॉक्टरीणबाईंना घाई नव्हती. दोन बस बदलून जावं लागे. सकाळी नवऱ्याचं जेवण झाकून ठेवायचं आणि निघायचं. खोलीत ती एकटीच. चुकलं तर सांगायला कोणी नाही, बरोबर आलं तरी नाही.

तिसऱ्याच आठवड्यात एक कवळी बिघडली. साच्यातून काढली की मागच्या बाजूने उचलली जायची, बसायचीच नाही. दुसऱ्यांदा केली, तरी तेच. दुपारी तिने रबरी वाटीत प्लास्टर कालवायला घेतलं होतं. ते तसंच ठेवून तिने फोन लावला. पहिल्या घंटीलाच उचलला गेला.

“बोल,” दीर म्हणाला. मागून मोटरचा ओळखीचा आवाज येत होता.

तिने काय होतंय ते सांगितलं. त्याने मटेरियल कुठलं, साचा पाण्यात किती वेळ उकळतेस, केव्हा उघडतेस, सगळं विचारून घेतलं.

“गरम असतानाच उघडतेस तू. धीर धर. पाण्यातच राहू दे, पाण्याबरोबर निवू दे. मग उघड.”

“बरं.”

“आणि मागची कड जास्त पातळ करू नकोस.”

“नाही करत.”

सांगण्यासारखं संपलं. तो फोन ठेवेल म्हणून ती थांबली. त्याने मोटर बंद केली असावी; पलीकडे एकदम शांत झालं.

“दादा?” त्याने विचारलं.

“बरे आहेत.”

“गुडघे?”

“थंडी पडली की दुखतात. मलम लावते.”

“जेवतो ना वेळेवर?”

“झाकून ठेवते. जेवतात.”

“हं,” तो म्हणाला.

फोन मात्र कोणीच ठेवला नाही. ती खांद्याने फोन कानाशी धरून उभी राहिली. समोर वाटीतलं प्लास्टर घट्ट होत चाललं होतं. आत्ता ओतलं असतं तर कामी आलं असतं. तिने ते पाहिलं आणि घट्ट होऊ दिलं.