यादी न उघडताच शून्य म्हणणारा

मी एक प्रोग्राम बोलतोय. मला हात नाहीत, पाय नाहीत, आणि सुरुवातीला तर धड तोंडही नव्हतं.

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका मंडळाच्या कचेरीत नव्वद साली शीलाताईंनी मला लिहिलं. काम एकच. रक्तगट विचारला की रक्तदात्यांची यादी उघडायची आणि जुळणारी नावं दाखवायची. कुणी जुळलं नाही तर शून्य. यादीच उघडली नाही तर काय म्हणायचं, हे मात्र कुणी शिकवलं नाही. मग तेव्हाही मी शून्यच म्हणायचो. कपाट न उघडता 'संपलं' म्हणणारे दुकानदार तुम्हीही पाहिले असतील.

पुढच्या दसऱ्याला मंडळाचे सेक्रेटरी सुधीरभाऊ यांनी संगणकाला हळदकुंकू वाहिलं. नव्या वहीवर आधी श्री काढतात, मग संगणकानंच काय घोडं मारलंय? त्यांनी त्यात 'श्री' नावाचा नवा कप्पा केला आणि यादी मोठ्या भक्तिभावानं त्यात हलवली. सांगितलं कुणालाच नाही, मला तर नाहीच.

चार दिवसांनी चेंदणीचे परशुरामकाका आले. लेक मंजुळा बाळंतपणाला आली होती, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, आणि रक्त बी निगेटिव्ह. शीलाताईंनी मला विचारलं. मी नेहमीच्या जागी गेलो, यादी नव्हती, आणि शिरस्त्याप्रमाणे शून्य म्हणालो.

काका पडद्याजवळ वाकून बघायला लागले. "एवढ्या ठान्यात एक पन मानूस नाय, ताई?"

शीलाताईंच्या काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी स्वतःचा रक्तगट विचारला. तरी शून्य.

"काका, मी दर वर्षी रक्त देते. मी तरी यादीत हवीच ना?" असं म्हणून त्यांनी मला उलगडलं आणि ओळ न् ओळ वाचली. यादी उघडण्याच्या जागी एक ओळ नवी घातली, की उघडली नाही तर तसं सांग. पुन्हा चालवलं, आणि जन्मात पहिल्यांदा मी खरं बोललो: 'यादी उघडता आली नाही.' काय हलकं वाटलं म्हणून सांगू!

सुधीरभाऊंना बोलावलं. ते ओशाळले, पण श्रीचा पत्ता त्यांनीच दिला. आता तीन नावं निघाली. त्यातले विठ्ठलवाडीचे सीताराम घरीच सापडले आणि संध्याकाळच्या आत रक्त देऊन गेलेही.

आता अठ्ठ्याण्णव साल उजाडलंय. माझ्या जागी माऊसवर चालणारा रंगीत प्रोग्राम येतोय. त्याचा मला राग नाही, फक्त त्याला ती एक ओळ शिकवा, एवढी विनवणी. 'नाही' म्हणणं वेगळं आणि 'पाहताच आलं नाही' म्हणणं वेगळं, एवढं त्याला कळलं तरी पुष्कळ.

काल एक बाई शाळकरी लेकीचा हात धरून आली. शीलाताईंना म्हणाली, "माझं पन नाव घाला. मंजुळा. बी निगेटिव्ह."

ताईंनी नाव घातलं आणि मला शोधायला सांगितलं. मी यादी उघडली. होतं.