एका हाताने चालणारा कॅमेरा

मावशींच्या घरी पोरं मुक्कामाला येत. दत्तक देणाऱ्या संस्थेच्या बाई पंधरा-वीस दिवसांचं एखादं बाळ दुपट्यात गुंडाळून आणून देत, आणि त्याला कायमचे आईबाप मिळेपर्यंत मावशी नि काका त्याला सांभाळत. कधी चार महिने, कधी दीड वर्ष. अशी एकोणतीस पोरं त्या दोन खोल्यांत रांगून गेली होती. काकांचं उभं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेलं. ते म्हणायचे, "आपलं घर म्हणजे लिफ्ट. आत या, वर जा, उतरा. उतरणाऱ्याच्या मागे लिफ्ट धावत जात नाही."

एका रविवारी एक उंच तरुण दारात आला. बावीस वर्षांपूर्वी तो याच घरात वाढला होता. चहा घेता घेता त्याने विचारलं, "मी लहानपणी कसा होतो हो?" मावशींनी हौसेने सांगितलं: कान चोळत झोपायचास, टेबलाखाली जाऊन बसायचास, बाहेर काढलं की घर डोक्यावर घ्यायचास. तो हसत हसत, चार वेळा मागे वळून बघत जिना उतरला.

तो गेल्यावर काका हळूच म्हणाले, "अगं, ते टेबलाचं दुसऱ्याचं. हा होता तेव्हा आपल्याकडे टेबल कुठे होतं?"

एकाचं बाळपण मावशींनी दुसऱ्याच्या ओंजळीत घातलं होतं, आणि तो बिचारा ते जपून घेऊन गेला होता. त्याचा पत्ताही त्यांनी विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिसावं पोर कडेवर घेऊन त्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेल्या. हे तिसावं म्हणजे मुंगी. नऊ महिन्यांची होती. जमिनीवरचा कणन् कण चिमटीत उचलून तोंडात घालायची, म्हणून मुंगी.

दुकानदाराने चष्मा कपाळावर सरकवला. "कशासाठी हवाय?"

"हिच्यासाठी. हिला पुढे बघता यावं म्हणून."

"मग फोनवरच काढा की. हल्ली सगळे तेच करतात."

"माझा फोन बटणांचा आहे. यांचा आहे त्यावर ऐन वेळी कोणीतरी बोलायला येतं. आणि फोन हरवला की सगळं गेलं. मला फक्त याच कामाचा हवा."

त्याने एक मोठा, भिंगं बदलता येणारा कॅमेरा पुढे ठेवला. मावशींनी तो उचलला नि लगेच खाली ठेवला. "याच्याइतकं तर मागचं बाळ होतं, आलं तेव्हा."

दुसरा आगपेटीएवढा होता. पाण्यात पडला तरी चालेल, डोंगरावरून पडला तरी चालेल, असं तो सांगू लागला. "पडला तर चालेल हो," मावशी म्हणाल्या, "हिने गिळला तर?"

दुकानदार हसला, पण मग मन लावून विचारू लागला. खोलीत उजेड किती येतो? पोर चालतं की रांगतं? मावशींना उत्तरं तोंडपाठ होती. एकच खिडकी, ऊन दहापर्यंत. पोर एका जागी ठरत नाही, तेव्हा कॅमेऱ्याने आपणहून तिच्यावर नजर धरली पाहिजे. आणि मुख्य म्हणजे कडेवर पोर असताना तो एका हाताने चालू झाला पाहिजे. "पोरं काही करतात ती आपला एक हात अडकलेला असतानाच."

शेवटी त्याने मुठीत मावेल असा, पट्ट्यात हात घालून धरायचा एक कॅमेरा काढला. मावशींनी मुंगीला सावरून अंगठ्याने बटण दाबलं. झालं. फक्त बाजूचा पडदा उघडताच मुंगीला त्यात स्वतःचं तोंड दिसलं आणि ती हालचाल विसरून बघतच राहिली.

"हा पडदा मिटता येतो ना? नाहीतर ती स्वतःलाच बघत बसेल."

"मिटता येतो. वर डोळा लावून बघायची सोयही आहे."

"हाच द्या."

पहिल्या आठवड्यात छत, काकांचे पाय आणि मावशींचा अंगठा एवढंच काय ते निघालं. एकदा तर पट्टा मनगटात असताना त्या घरभर कॅमेरा शोधत होत्या. "काखेत कळसा," काका म्हणाले. पण हळूहळू हात बसला. मुंगी भिंत धरून उभी राहिली, बादलीतल्या पाण्यावर थापा मारू लागली, काकांचा चष्मा ओढू लागली, सगळं तारीखवार निघालं. मावशी स्वतः कधी पुढे आल्या नाहीत.

त्यांचा एक नियम होता. पोराने त्यांना मावशीच म्हणायचं. आई हा शब्द पुढच्या घरासाठी ठेवायचा. एकोणतीस पोरांच्या बाबतीत तो पाळला गेला. मुंगीला कोणी शिकवलं कोण जाणे. शेजारची मुलं दिवसभर आयांना हाका मारत असायची. एका सकाळी ती खिडकीखाली केळं खात बसली होती. मावशी समोर बसून चित्रण करत होत्या. मुंगीने मान वर केली, कॅमेऱ्याच्याही वर, सरळ त्यांच्याकडे पाहिलं नि म्हणाली, "आई."

"मावशी म्हण. माव-शी."

"आई," मुंगी म्हणाली, आणि उरलेलं केळं त्यांच्यापुढे धरलं.

चित्रणात त्यापुढे नुसती फरशी दिसत होती.

मुंगी सोळा महिन्यांची झाली तेव्हा तिला घर मिळालं. नऊ वर्षं वाट पाहिलेलं जोडपं होतं. मावशी कॅमेरा घेऊन पुन्हा दुकानात गेल्या. सगळं एका पेन ड्राइव्हवर घालून द्यायचं होतं, आणि एक तुकडा काढून टाकायचा होता. दुकानदाराने तो पाहिला.

"हा काढू? अहो, यासाठी लोक कॅमेरा घेतात."

"तिकडे एक बाई नऊ वर्षं या शब्दासाठी थांबलीय. तो आधीच कोणाला तरी देऊन झालाय, हे तिने का बघावं?"

"मग तुमच्यापुरता ठेवा."

"नाही. पोर गेलं की सगळं त्याच्याबरोबर जातं. नियम आहे संस्थेचा." मग त्या म्हणाल्या, "काढा. मी बाहेर उभी राहते."

निरोप संस्थेच्या खोलीत झाला. मुंगी नव्या आईच्या कडेवर गेली, तिच्या गळ्यातला मणी चिमटीत धरून बघू लागली. मावशींनी पेन ड्राइव्ह हातात दिला, दुपारी झोपताना पाठ चोळावी लागते एवढं सांगितलं आणि निघाल्या. लिफ्टचा विनोद काकांनी पुन्हा कधी केला नाही.

दहा दिवसांत एकतिसावं बाळ आलं.

पहिले दोन महिने शंका विचारायला फोन करायची नव्या आईबापांना मुभा असे. तिसऱ्या आठवड्यात मुंगीच्या नव्या आईचा फोन आला. आधी खाण्यापिण्याचं बोलली. मग म्हणाली, "मावशी, ती झोपेतून उठली की 'आई' म्हणून हाक मारते. मी धावत जाते. तर ती माझ्या मागे दाराकडे बघत राहते. तिने हा शब्द कोणासाठी ठेवलाय?"

मावशींना खोटं सांगता आलं असतं. ते ओठांवर आलंही होतं. पण पलीकडची बाई रडत होती.

"मला म्हणायची," त्या म्हणाल्या. "मी शिकवलं नव्हतं. पहिल्यांदा म्हणाली ते कॅमेऱ्यात आलं होतं. तुम्हाला लागेल म्हणून मी पुसायला लावलं."



"मला हवं होतं ते," नवी आई म्हणाली. "ती मोठी झाल्यावर मी तिला काय दाखवू? तिचा पहिला शब्द होता तो."

मावशी त्याच पावली दुकानात गेल्या. दुकानदाराने कॅमेऱ्याचं कार्ड मशीनला लावलं, दोन दिवस खटपट केली. पुसलेल्या जुन्यातलं बरंच काही वर आलं. छत आलं, अंगठा आला. ते मात्र आलं नाही. "त्या जागेवर नव्या बाळाचं चित्रण झालंय," तो म्हणाला. मावशींनी मान डोलावली. हातातला कॅमेरा त्यांना एकाएकी जड झाला.

मग त्यांनीच फोन केला. "जवळ वही आहे का? मी सांगते, तुम्ही लिहून घ्या. हे तिचंच आहे, दुसऱ्या कोणाचं नाही, पक्कं." आणि त्यांनी सांगितलं: कोणता वार, खिडकीखालची जागा, अंगात पिवळं झबलं, हनुवटीला लागलेलं केळं. मान कशी वर केली. नंतर केळं कसं पुढे धरलं. पलीकडे पेन चालल्याचा आवाज येत होता.

"आणि म्हणाली कशी?" नव्या आईने विचारलं. "लांबवून? की तोडून? आता म्हणते तशीच?"

आता कशी म्हणते, ते मावशींना माहीत नव्हतं. त्यांनी डोळे मिटले. मुंगीचं तोंड दिसत होतं, ओठ हललेले दिसत होते, आवाज मात्र ऐकू येत नव्हता.

"थांबा हं," त्या म्हणाल्या. "आठवते."

नवी आई थांबली. आतल्या खोलीत एकतिसावं बाळ जागं झालं, तशी काका त्याला घ्यायला उठले, आणि मावशी फोन कानाशी धरून तशाच बसून राहिल्या.