बर्फाचे टायर

दोहाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या त्या वर्कशॉपमध्ये हिवाळी टायर कधी कोणी मागितले नव्हते. श्याम खैरनार तिथे सर्व्हिस ॲडव्हायझर होता. इतक्या वर्षांत त्याने वाळूने घासलेले, उन्हाने तडकलेले, नुसते उभे राहून कडक झालेले टायर पाहिले होते. बर्फासाठी बनवलेला टायर त्याने फक्त कंपनीच्या ट्रेनिंगच्या व्हिडिओत पाहिला होता. त्यामुळे २०१९च्या ऑक्टोबरमध्ये मुबारक आपली चंदेरी स्पोर्ट्स कार घेऊन आला आणि 'ऑस्ट्रियाला नेतोय, विंटर टायर बसवून द्या' म्हणाला, तेव्हा श्यामने आधी चहा मागवला.

मुबारक एकवीस वर्षांचा होता. इन्सब्रुकजवळच्या एका संस्थेत हॉटेलचं शिक्षण घ्यायला निघाला होता. गाडी विमानाने आधी जाणार होती. त्याच्यासोबत जालिंदर आला होता. आटपाडीकडचा हा माणूस मुबारकच्या घरी ड्रायव्हर होता. मुबारकला रोज शाळेत सोडणं हे त्याचं इथलं पहिलं काम, आणि मेसईदच्या पुढच्या वाळूच्या टेकड्यांवर गाडी चालवायला मुबारकला शिकवलं तेही त्यानेच.

श्याम आणि मुबारक इंग्रजीत बोलत होते. ऑस्ट्रियात नोव्हेंबर ते एप्रिलचा मध्य या काळात बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर सक्तीचे. टायरच्या कडेवर डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण हवी. मुबारकला आताच्या टायरांइतकेच रुंद टायर हवे होते. श्यामने सांगितलं, कारखान्याने या गाडीला हिवाळ्यासाठी एक माप अरुंद सुचवलंय, अरुंद टायर बर्फ कापत खाली जातो. शिवाय या टायरांची वेगमर्यादा कमी आहे.

"किती कमी?"

"ताशी दोनशे चाळीस."

मुबारकने मान हलवली. ती संमती होती की दुःख, ते कळलं नाही.

जालिंदर मागे उभा राहून ऐकत होता. इंग्रजी त्याला तुटक समजायचं. मुबारक फोन घ्यायला बाहेर गेला तेव्हा तो पुढे आला.

"श्यामसाहेब, वाळूत तर रुंद टायर लागतोय. आन हितं अरुंद कशापायी?"

"कारखान्यानं ठरवलंय, भाऊ. आपण कोण?"

"तरी पन. मलाबी जायचंय तिकडं. ठावं असल्यालं बरं."

तेव्हा श्यामला कळलं. मुबारकच्या आईने हट्ट धरला होता की पोराने बर्फात एकट्याने गाडी चालवायची नाही, जालिंदर सोबत जाईल. बाबांनी, म्हणजे मुबारकच्या वडिलांनी, होकार दिला होता. व्हिसासाठी पासपोर्ट गेला होता. पहिला हिवाळा नीट पार पडला तर पुढे शिक्षण संपेपर्यंत तिथेच, दीडपट पगारावर.

"म्हणजे बावीसनंतरचा घोर मिटला तुमचा," श्याम म्हणाला.

त्या वर्षी दोहात मराठी माणसं भेटली की बोलणं तिथेच येऊन थांबायचं. बावीसला वर्ल्डकप. स्टेडियमं उभी राहत होती, रस्ते रोज नव्या ठिकाणी उकरले जात होते, आणि जो तो विचारत होता की खेळ संपल्यावर इतक्या माणसांचं इथे काय काम. जालिंदरचा मेहुणा केरबा बरवा अल बराहा या कामगार वसाहतीत राहायचा, सळया बांधायचा. त्याच्या खोलीतल्या दोघांना काम संपल्यावर घरी पाठवलं होतं. बाबांच्या घरातही मुलं मोठी झाली होती. मुलींनी गाड्या चालवायला घेतल्या होत्या.

"बबीताला सांगितलंय," जालिंदर बायकोबद्दल म्हणाला. "ती म्हनती, बर्फात कानात कापूस घाला. आता कापूस कुठनं आनू?"

टायर जर्मनीहून आले. नसरुद्दीन नावाचा फिटर केरळचा होता आणि टायरच्या बाबतीत कोणालाच भीक घालत नसे. त्याने नव्या टायरच्या नक्षीत अंगठा दाबला आणि हसला.

"सार, ये टायर नहीं, हलवा है. सलवा रोड पे एक चक्कर मारो, आधा उधर ही रह जाएगा."

म्हणूनच श्यामने ठरवलं की गाडी या टायरांवर दोहात चालवायचीच नाही. टायर बसवायचे आणि गाडी रिकव्हरीच्या ट्रकवर चढवून घरी पाठवायची. मुबारकच्या आईला गाडी जाण्याआधी घरी हवी होती, पंचवीस माणसं बघायला येणार होती. शनिवारी ट्रक येऊन ती विमानतळाच्या कार्गोत नेईल.

हवा श्यामने स्वतः भरली. दोहात तेव्हा दुपारी तिशीच्या वर तापमान होतं, इन्सब्रुकच्या हिवाळ्यात ते शून्याच्या खाली जाणार. इथे गाडीच्या दाराआतल्या स्टिकरवरच्या आकड्याइतकी हवा भरली तर तिथे उतरल्यावर ती बरीच कमी भरणार. त्याने हिशोब करून पुढे एकोणचाळीस आणि मागे पंचेचाळीस ठेवली. तिथल्या थंडीत ती बरोबर जागेवर येणार होती. हे त्याने मुबारकला इंग्रजीत समजावलं. आणखी एक गोष्ट सांगितली: नव्या चाकांत हवा मोजणारे नवे सेन्सर आहेत, गाडी चालल्याशिवाय ते ओळख धरत नाहीत, त्यामुळे तिथे सुरुवातीला हवेचा पिवळा दिवा लागेल. लक्ष देऊ नका.

"नो प्रॉब्लेम?"

"नो प्रॉब्लेम. इट विल लर्न."

जालिंदर तेव्हा खाली ट्रकवाल्याला पट्टे कसे बांधायचे ते सांगत होता. श्याम खाली उतरला आणि त्याला म्हणाला, "भाऊ, हवेला हात लावू नका. मी बघितलीय."

"बरं," जालिंदर म्हणाला.

गुरुवार होता, ट्रक थांबला होता, आणखी दोन गाड्या द्यायच्या होत्या. हात का लावायचा नाही, ते सांगायला मराठीत चार वाक्यं पुरली असती.

शुक्रवारी सकाळी जालिंदरने गाडी धुतली. धुऊन झाल्यावर त्याने सवयीने खिशातलं मीटर काढलं. घरातून निघणाऱ्या प्रत्येक गाडीची हवा तो बघायचा. बाबांना ते माहीत होतं आणि आवडायचं. पुढच्या चाकात एकोणचाळीस. दाराच्या आतल्या स्टिकरवर तेहतीस. मागे पंचेचाळीस. त्याने दोनदा मोजलं. वर्कशॉपच्या मीटरमध्ये काहीतरी घोटाळा आहे, असं त्याला वाटलं. श्यामला फोन लावला. श्याम त्या वेळी महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी फराळात होता. मुलगी नुपूर नाचत होती, फोन बायकोच्या, विभावरीच्या पर्समध्ये होता. जालिंदरने परत लावला नाही. सुट्टीच्या दिवशी साहेबाला दोनदा फोन करणं त्याला बरं वाटलं नाही.

मग त्याने आपल्या अनुभवाने विचार केला. त्याला मऊ जमीन माहीत होती. डांबर संपून वाळू सुरू होते तिथे प्रत्येक गाडी थांबते, ड्रायव्हर उतरतो आणि चारही चाकांची हवा सोडतो. टायर पसरतो, गाडी तरंगते. जो सोडत नाही तो रुततो, आणि मग त्याला ओढून काढायला जालिंदरसारख्याला बोलावतात. बर्फ त्याने प्रत्यक्ष पाहिला नव्हता, पण मुबारकच्या फोनवर पाहिला होता. उतार, लाटा, मऊ पांढरे ढीग. रंग सोडला तर तेच. टायर अरुंद, म्हणजे रुतायची भीती जास्त. वाळूला तो पंधरा ठेवायचा. बर्फाखाली रस्ता असतो असं ऐकलं होतं, म्हणून त्याने मधला आकडा धरला, बावीस. चारही चाकांना सारखा. शेवटच्या चाकाची हवा सोडताना मुबारक बाहेर आला.

"खलास, जालिंदर?"

"खलास. अब बरफ में मक्खन."

गाडी गेली, दोन दिवसांनी मुबारक गेला. जालिंदरचा व्हिसा व्हायचा होता.

अपघात तिथल्या पहिल्या रविवारी झाला. डोंगरातला रस्ता, वर पातळ बर्फ, उताराचं वळण. मुबारकने स्टिअरिंग वळवलं तशी गाडी वळली नाही, आधी डोलली आणि मग आडवी होऊन दगडी कठड्यावर आदळली. त्याचं गळ्याजवळचं हाड आणि मनगट मोडलं. पिवळा दिवा पहिल्या दिवसापासून लागलेला होता. गाडी उचलून नेणाऱ्या गॅरेजने फोटोंसोबत एक ओळ पाठवली: शाबूत राहिलेल्या तिन्ही टायरांत हवा अठराच्या आसपास, तिन्हींत सारखी, गळती नाही, सोडलेली दिसते.

ती ओळ वाचून श्यामने केबिनचं दार लावून घेतलं आणि जालिंदरला फोन केला.

"भाऊ, तुम्ही हवा सोडली?"

"व्हय. बर्फाला जास्ती व्हती ना."

"मी सांगितलं होतं हात लावू नका."

"सांगितलं व्हतं. म्हंजे हवेमुळं झालं?"

श्यामने त्याला तेव्हा सगळं समजावलं. थंडीत हवा कशी आकसते, बर्फाखालचा रस्ता कसा कडक असतो, कमी हवेवर अशी गाडी वळणात कशी कोलमडते. चार वाक्यंच लागली. जालिंदर शेवटी म्हणाला, "पोराचं हाड बसंल ना नीट?"

पिवळ्या दिव्याचा विषय श्यामने काढला नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा स्वतः वर्कशॉपमध्ये आले. लँड क्रूझर जालिंदरनेच चालवत आणली होती. बाबांचा आवाज चढलेला नव्हता. ते खुर्चीत बसले आणि जालिंदरला बाहेर थांबायला सांगितलं नाही. मॅनेजर इंग्रजीत लांबलचक दिलगिरी व्यक्त करू लागला, त्याला त्यांनी हाताने थांबवलं आणि श्यामकडे वळून विचारलं, "यहाँ से हवा कितना गया?"

"उनतालीस, पैंतालीस," श्यामने हिंदीत आकडे सांगितले. "ज्यादा डाला था, सर. वहाँ के ठंड के लिए."

"फिर कम कौन किया?"

श्यामने टेबलाकडे पाहिलं. मॅनेजर त्याच्याकडे बघत होता.

"मैंने किया, बाबा," जालिंदर म्हणाला. "बरफ को रेती समझा."

बाबा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. रागावून नव्हे. वर्षानुवर्षं घरात असलेली वस्तू अचानक बिघडली की माणूस तिच्याकडे जसं बघतो, तसं.

"और कुछ?" त्यांनी श्यामला विचारलं. "गाडी ने कुछ बताया नहीं मुबारक को? इतना महँगा गाडी."

श्यामच्या मनात वाक्य तयार होतं. त्याने त्यातलं अर्धं सांगितलं. "नया सेन्सर था, सर. सीखने में टाइम लेता है."

"अच्छा," बाबा म्हणाले. "शुक्रन." आणि उठले.

त्या आठवड्यात जालिंदरचा पासपोर्ट परत आला. व्हिसाचा अर्ज बाबांनीच मागे घेतला होता. मुबारकच्या आईने इन्सब्रुकला एक तुर्की ड्रायव्हर ठेवला. जालिंदरला महिनाअखेरीचं तिकीट दिलं, पगार आणि वर काही पैसे दिले. कोणी वाईट बोललं नाही. फक्त मुलींना आता त्याच्या गाडीत बसायला भीती वाटते, असं स्वयंपाकघरातल्या जाहिदाने त्याला सांगितलं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी श्याम त्याला भेटायला गेला. फाटकाजवळची ड्रायव्हरची खोली, भिंतीवरचा एसी, पलंगावर उघडी बॅग. जालिंदरने त्याला पलंगावर जागा करून दिली आणि स्वतः पाण्याच्या डब्यावर बसला.

"बबीताला सांगितलं?"

"सांगितलं, व्हिसा न्हाय झाला म्हनून. बाकीचं कशाला? ती म्हनली, बरं झालं, कापूस वाचला."

श्याम हसला, आणि हसल्याचं त्याला वाईट वाटलं.

"मुबारकचा फोन आला व्हता परवा," जालिंदर म्हणाला. "दवाखान्यातनं. रडत व्हता जरा. म्हनला, दिवा लागला व्हता, पन श्याम बोला, नो प्रॉब्लेम."

एसीचा आवाज मोठा होता. श्यामने तो कमी करायला रिमोट शोधला, तसं काही करायची गरज नसताना.

"तुम्ही बाबांना सांगितलं नाही."

"न्हाय. आन मुबारकलाबी म्हनलं, आता नको काढू."

"का?"

"काय का? तुमचं नाव घेऊन मला व्हिसा मिळनार व्हता? हवा म्याच सोडली. तुमी पन गेला असता, मी पन गेलो असतो. पोरगी शाळंत हाय तुमची." त्याच्या बोलण्यात उपकाराचा सूर नव्हता. मग म्हणाला, "पन तुमी सांगाल असं वाटलं व्हतं. खोटं कशाला बोलू, वाटलं व्हतं."

श्याम म्हणाला, "आमच्याकडे टायर सेक्शनला माणूस लागतोय. बाबांनी ना-हरकतीचा कागद दिला तर बदली होऊ शकते. मी मॅनेजरला विचारतो."

"टायरला? मला?" जालिंदर म्हणाला.

"विचारतो."

"इचारा."

दोघांनाही कळत होतं की श्याम विचारणार नाही. विचारलं तर मॅनेजर विचारेल की हाच माणूस का, आणि मग बोलणं त्या दिव्यापर्यंत येईल.

जालिंदर उठला. संध्याकाळी नवा ड्रायव्हर येणार होता, त्याच्या हाती गाड्या द्यायच्या होत्या, आणि लँड क्रूझरच्या आत अजून वाळू होती. त्याने पायपुसणी बाहेर काढून भिंतीवर झटकायला सुरुवात केली. श्याम थोडा वेळ उभा राहिला. वाळू त्याच्या पँटवर उडाली तेव्हा जालिंदर म्हणाला, "सरका साहेब, कपडे घान व्हत्याल."

श्याम सरकला. मग आपल्या गाडीत जाऊन बसला आणि फाटक उघडायची वाट बघू लागला.