साफ करायला काढता येतात म्हणून

हिमानीला एक खोड होती. माणूस एकदा आपला म्हटला की त्याला ‘का?’ म्हणून विचारायचं नाही. चिंचणीच्या कोळीवाड्यात अशा माणसाला भोळा म्हणतात, आणि ते काही कौतुकाने म्हणत नाहीत.

रिद्धी तिची अशीच आपली. दोघी कुंभवलीच्या एका कंपनीत शेजारी बसून दिवसभर पॅनेलच्या वायरी जोडायच्या. एकीचा डबा दुसरीने संपवायचा, एकीला ताप आला की दुसरीने तिचंही काम ओढायचं. रोपांची टूम काढली ती रिद्धीनेच. पावसाळ्यात आभाळ भरलेलं, ऊन नाही, ढोबळी मिरचीची रोपं काडीसारखी लांबडी होऊन माना टाकतात. आणि बागायतदारांना तर पाऊस सरला की तयार रोपं हवीत. मग बंद खोलीत एलईडी दिव्यांखाली वाढवली तर? दिव्यांचं सामान रिद्धीचं, जागा आणि हात हिमानीचे, असं ठरलं. बोट विकल्यापासून हिमानीच्या घरची जाळ्यांची खोली रिकामीच पडली होती. गिऱ्हाईकही मिळालं, पालघर रस्त्यावरचे वाडीवाले कृष्णकांतकाका. रोपांपाशी दिवसभर कुणीतरी हवं म्हणून हिमानीने कंपनी सोडली. “मी दिवाळीला सोडते, तू हो पुढे,” रिद्धी म्हणाली. हिमानी झाली पुढे. कंपनीने तिच्या जागी दुसरी पोरगी बसवलीसुद्धा.

दिवे घरीच बनवायचे होते. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आल्या, त्यांवर चिकटवायच्या एलईडी आल्या, राहिले सांधे. त्यासाठी दोघी बोईसरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेल्या.

“कनेक्टर नकोच,” हिमानी म्हणाली. “सरळ सोल्डर मारू, कायमचं, वर प्लास्टिकची स्लीव्ह चढवू. आमच्याकडे खारा वारा आहे गं. उघडं तांबं महिन्यात हिरवं पडतं.”

रिद्धीने मान हलवली. दुकानदाराने काउंटरवर मांडलेल्या ढिगातून तिने स्क्रूवाले बाजूला सारले, खटक्याचे बाजूला सारले आणि रबरी कडीचे, एकमेकांत घुसणारे प्लग उचलले. एक जोडी तिने जोडली, ओढली, परत जोडली, परत ओढली.

“हे घेऊ. पाणी आत जात नाही. आणि साफ करायला काढता येतात.”

“रोज कोण काढणारे?”

“रोज नाही गं. लागेल तेव्हा.”

जास्त बोलली असती तर दुकानात तमाशा झाला असता, आणि शिवाय समोर कोण, तर रिद्धी. हिमानी गप्प बसली. वायर जोडायच्या कामात तिचा हात धरणारं कंपनीत कुणी नव्हतं, आणि तरी ती गप्प बसली. आता काय म्हणावं या पोरीला!

एकदा मान्य केलं की मात्र ती जीव ओतणार. खाऱ्या हवेने गंज चढू नये म्हणून तिने प्रत्येक प्लगच्या पिनेला व्हॅसलीन लावलं, रबरी कडीला लावलं, जास्तीचं फडक्याने टिपलं. आई, म्हणजे नवसी, दारात सुकट निवडत बसली होती. तिने एक प्लग हातात घेऊन ओढला. तो आवाज न करता सुटला.

“ही तर सुटती गाठ हाय,” नवसी म्हणाली. “आमी बोट बांधताना दोन गाठी मारतो. मुक्काम असंल तर पक्की. लगेच निगायचं असंल तर ही अशी, एका झटक्याची.”

“आये, दिवे कुठे निघाले? साफ करायला आहे ते.”

“असंल बाय. मला काय त्यातलं कलतंय.”

रोपं मात्र अशी आली की बघत राहावं. बुटकी, जाड, गडद हिरवी. कृष्णकांतकाका स्वतः बघून गेले. त्यांनी रोपांपेक्षा दिव्यांकडेच जास्त पाहिलं आणि रिद्धीशी बाहेर रस्त्यावर बराच वेळ बोलत राहिले. हिमानी आत चहा करत होती. चहा करणाऱ्या माणसाला बाहेरचं ऐकू येत नाही, हे खरंच आहे.

मग मावसबहिणीच्या डोहाळजेवणाला हिमानी डहाणूला गेली. नवसी बोईसरच्या बाजारात सुकट विकून संध्याकाळी तिकडेच आली आणि राहिली. चावी रिद्धीकडे असायचीच. हिमानी दुसऱ्या दिवशी परतली, खोलीचं दार उघडलं आणि अंधारात उभी राहिली. बटण दाबलं. काहीच नाही.

दिवे नव्हते. भिंतीवरून आलेल्या वायरी तशाच लोंबत होत्या, आणि प्रत्येकीच्या टोकाला अर्धा प्लग. एकही वायर तुटलेली नव्हती, एकही खिळा वाकलेला नव्हता. खाली ट्रेमध्ये रोपं दाराच्या फटीकडे वाकू लागली होती.

शेजारची जमना धावत आली. “अगो, रिद्धीच घेऊन गेली ना काल टेम्पोतून. बोलली, दिवे धुवायचे हायत. आमीच हात लावला चढवायला. तुला ठावं नाय?”

हिमानीने फोन लावला. वाजून बंद झाला. परत लावला. मग ती तशीच रिक्षात बसली आणि पालघर रस्त्याला, कृष्णकांतकाकांच्या वाडीवर गेली. काका दिव्यांकडे कसे बघत होते ते तिला आता आठवत होतं, आणि तरी रिद्धी तिथे नसेल, असं ती वाटभर स्वतःला समजावत होती.

चिकूच्या झाडांमागे नवी शेड उभी होती. आत तिचेच दिवे लागले होते. खाली नव्या ट्रेंच्या रांगा, आणि मधोमध रिद्धी, हातात सोल्डरिंगची बंदूक.

“हिमू!” रिद्धी चपापली, मग सावरली. “अगं, मी सांगणारच होते. काकांनी भागीदारी दिली. तुझ्या त्या खोलीत किती वाढणार होतो आपण? आणि सामान माझंच होतं ना, तसं आपलं ठरलंच होतं.”

ठरलंच होतं. खोटं काहीच नव्हतं त्यात. पण रिद्धी सांगून गेली असती तर हिमानी रडली असती, भांडली असती, पण दिवे खाली उतरवायला तिनेच हात लावला असता. हे केसाने गळा कापणं झालं. गरज सरो, वैद्य मरो.

ती दिव्यांजवळ गेली. सांध्यांवर बोट फिरवलं. प्रत्येक सांधा सोल्डर मारलेला, वर काळी स्लीव्ह, गरम करून घट्ट बसवलेली. जसं ती दुकानात म्हणाली होती, अगदी तसं. कोपऱ्यात एका बादलीत दिव्यांकडचे अर्धे प्लग कापून टाकलेले होते.

“इथे साफ करायला नाही लागणार?” हिमानीने विचारलं.

रिद्धीने बंदूक खाली ठेवली.

“म्हणजे दुकानातच ठरवलं होतंस. मी शेजारी उभी होते, आणि तू ओढून ओढून बघत होतीस.”

“तसं काही नाही गं. तेव्हा नुसतं वाटत होतं, पुढेमागे लागलं तर...” रिद्धीने बादली पायाने पुढे सरकवली. “प्लग घेऊन जा हवे तर. मला नाही लागत आता.”

हिमानीने वाकून एक प्लग उचलला. पिनेवर अजून व्हॅसलीन होतं. तिनेच लावलेलं, एकेक पीन धरून, सांधा खराब होऊ नये म्हणून. दिवे इतके अलगद सुटले ते त्यामुळेच. शेडच्या दारात कृष्णकांतकाका चहाचे कप घेऊन येऊन थांबले होते.

“ठेव तूच,” हिमानी म्हणाली आणि प्लग परत बादलीत टाकला. “काकांकडून निघशील तेव्हा लागतील.”

काकांनी रिद्धीकडे पाहिलं. मग दिव्यांच्या सांध्यांकडे पाहिलं.

टोमणा बरोबर बसला होता, पण हिमानीला त्याचं काही सुख झालं नाही. परतीच्या शेअर रिक्षात तिने बोटं ओढणीला पुसली, पुन्हा पुसली. व्हॅसलीन जात नव्हतं. बाजूच्या बाईने विचारलं, काय झालं गं, तेव्हा तिला रडू फुटलं. घरी रोपं अंधारात होती, बाहेर आभाळ भरलेलं, आणि ती उजेडात कुठे ठेवायची हे तिला सुचत नव्हतं.